गाळलेल्या जागा भरू नयेत

शाळेत ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न सगळ्यात सोपा समजला जाई. उत्तर येत असेल तर लिहायचं, येत नसेल तरी लिहायचंच. कोरी जागा ठेवून घरी आलेल्या मुलाची जी हजेरी घेतली जाई, ती चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याची कधी नसे. “काहीतरी खरडायचंस तरी! चुकलं तर मार्क काय कापून घेतात का?” हे वाक्य आईकडून न ऐकलेला मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. पुढे नोकरीत मला नेमकी हीच सवय मोडण्याचा पगार मिळाला.

नोकरी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची. १९९९-२०००च्या सुमारास पुण्यात हे नाव एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आलं. ज्या जिन्यांवरून टाइपरायटरचा खडखडाट ऐकू यायचा आणि सरकारी परीक्षेला बसणारी पोरं ‘तीसचा स्पीड, चाळीसचा स्पीड’ करत चढायची, त्याच जिन्यांवर ‘एमटी ट्रेनिंग, शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्या लागल्या. फी दणदणीत होती. शंभरातले किती टक्के खरे होते ते पाट्या उतरल्यावर कळलं. पण तोवर मायक्रोबायॉलॉजीवाल्या, फार्मसीवाले, दवाखाना न चाललेले बीएचएमएस आणि इंग्रजी घेऊन बीए झालेल्या अशा नाना तऱ्हेच्या लोकांच्या कानाला हेडफोन लागले होते. मी त्यांतलीच एक.

काम सांगायला सोपं. अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासून झाला की लिहीत बसत नसे, फोन उचलून बोलून टाकी. काय होतंय, काय सापडलं, काय द्यायचं. आवाजाची ती फाइल समुद्र ओलांडून आमच्याकडे येई. तिकडे रात्र पडे तेव्हा इकडे सकाळ. डॉक्टरसाहेब झोपून उठेपर्यंत त्यांचं बोलणं परिच्छेद पाडून, स्पेलिंगं सुधारून हजर. दोन देशांची घड्याळं उलटी असणं हेच या धंद्याचं खरं भांडवल. याच घड्याळाने कॉल सेंटरवाल्यांना रात्र रात्र जागवलं आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींना उजेडी घरी पोचवलं. आई-वडिलांना एवढं पुरेसं होतं. काम नक्की काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या घरी ‘मुलगी मेडिकलमध्ये आहे’ असं सांगितलं जाई, आणि लग्नकार्यात एखादी आत्या मला कोपऱ्यात घेऊन गुडघा दाखवी.

टेबलाखाली पेडल असे, शिवणयंत्राला असतं तसं. दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प, मागे रेटलं की तेच वाक्य पुन्हा. डॉक्टरला हवं तेव्हा गप्प करण्याची सोय त्यानंतर आयुष्यात कुठे मिळाली नाही.

आणि डॉक्टर तरी कसकसले! कुणी गाडी चालवताना बोले, कुणी सँडविच खाताना. कुणी जांभई देत देत हृदयाचं ऑपरेशन सांगे. कुणी इतक्या वेगात बोले की पेडल मागे रेटून रेटून पोटरी दुखे. एक जण मुतारीतूनच बोलत असावेत, कारण अहवाल संपता संपता पाण्याचा लोंढा ऐकू येई. भारतीय वंशाचे डॉक्टर पुष्कळ. अमेरिकन टायपिस्ट ज्यांचे उच्चार कळत नाहीत म्हणून हात टेकायच्या, त्या तेलुगू आणि गुजराती डॉक्टरांच्या फाइलींवर आमच्याकडे उड्या पडत. बिचारे डॉक्टर मात्र पलीकडे कुणी जेनिफर बसली असावी अशा समजुतीने जिभेला पीळ देऊन अमेरिकन इंग्रजी बोलत, आणि मग आम्हालाही कळेनासे होत.

अमेरिका मी अजून पाहिलेली नाही, पण तिचं पंचांग मला दुखापतींवरून पाठ आहे. जानेवारीत लोक बर्फावरून घसरून मनगट मोडतात. चार जुलैला फटाक्याने हात भाजतो. नोव्हेंबरात हरणं मारायला झाडावर मचाण बांधून बसलेले बाप्ये खाली पडतात, आणि महिनाअखेर टर्की कापताना सुरी बोटात शिरते. डिसेंबर लागला की दिव्यांच्या माळा लावायला शिडीवर चढलेले सासरे येत. बाहेर पुण्यात ऊन मी म्हणत असे आणि आम्ही पंख्याखाली बसून बर्फ खरवडण्याच्या यंत्रात गेलेल्या बोटांबद्दल टाइप करत असू.

या सगळ्यात खरी विद्या बोटांची नव्हती, कानाची होती. अमेरिकेत १९९० साली ‘लोसेक’ नावाच्या आम्लपित्ताच्या औषधाचं नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावं लागलं, कारण ते लघवी वाढवणाऱ्या ‘लेसिक्स’शी जुळत होतं. ‘सेलेब्रेक्स’ सांधेदुखीचं, ‘सेलेक्सा’ नैराश्याचं आणि ‘सेरेबिक्स’ फिट्सचं. तोंडात घास असलेल्या माणसाने हे तीन शब्द उच्चारले तर त्यांत फरक राहत नाही. ‘इलियम’ दोन. एक कमरेचं हाड, दुसरं आतड्याचा भाग. इंग्रजी स्पेलिंगात फरक एका अक्षराचा आणि कानाला फरक शून्य. मग वाक्य मागेपुढे ऐकायचं, रुग्ण कशासाठी आलाय ते पाहायचं, शेजारी ठेवलेला डोरलंडचा ठोकळ्याएवढा कोश उघडायचा. एवढं करूनही नाही कळलं तर?

तर कोरं सोडायचं. आमच्या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम हाच. शब्द लागला नाही तर रेघ ओढायची, रेकॉर्डिंगात तो कुठल्या मिनिटाला आहे ते टाकायचं आणि पुढे जायचं. नंतर क्यूएवाली, म्हणजे तपासणारी, ऐके. तिलाही लागला नाही तर ती रेघ तशीच डॉक्टरकडे जाई आणि त्याने ती भरायची. आमच्या क्यूए मॅडम सोलापूरच्या, कडक इस्तरीच्या सुती साड्या नेसणाऱ्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “ऐकू आलं नाही हा गुन्हा नाही. ऐकू न येता लिहिलं, तर तो गुन्हा.” आम्ही माना डोलावल्या आणि पहिल्याच फाइलीत सगळ्यांनी अंदाज ठोकून जागा भरल्या. शाळेची बारा-पंधरा वर्षं एका सकाळीत पुसली जात नाहीत. कोरी जागा ठेवताना पोटात खड्डा पडायचा. आपल्याला येत नाही हे कबूल केल्यासारखं वाटायचं, आणि तेही अमेरिकेसमोर!

हळूहळू जमलं. मग कळलं की कोरी जागा सोडायलाही अक्कल लागते. ऊठसूट रेघा ओढणारा आळशी, आणि एकही रेघ न ओढणारा धोक्याचा. मॅडम दुसऱ्या जातीला जास्त भीत. ज्याच्या अहवालात महिनाभर एकही रेघ नाही त्याच्या फाइली त्या मुद्दाम काढून ऐकत.

पैसे ओळीवर मिळत. ओळ म्हणजे ६५ अक्षरं, मोकळ्या जागा धरून. हे ‘धरून’ फार महत्त्वाचं, कारण त्यावर अमेरिकेत चांगलाच वाद झाला. २००७च्या सुमारास तिथल्या या क्षेत्रातल्या संघटनांनी सुचवलं की फक्त दिसणारी काळी अक्षरं मोजावीत, मधल्या जागा मोजू नयेत. हिशोब स्वच्छ होईल हे खरं. पण स्पेसबारही माणसाच्याच अंगठ्याने दाबावा लागतो, हे त्या शहाण्यांना कुणी सांगितलं नसावं. शब्दांमधली जागा काढून टाका आणि वाचून दाखवा म्हणावं.

कोऱ्या जागेची किंमत काय ते पुढे एका खटल्याने मोजून दाखवलं. २००८ साली अलाबामात एका मधुमेही बाईला इस्पितळातून सोडताना इन्शुलिनची मात्रा डॉक्टरने सांगितली ८ युनिट. भारतात टाइप होऊन गेलेल्या कागदावर ती पडली ८०. त्या कागदावर विसंबून पुढच्या ठिकाणी तेवढी दिली गेली आणि बाई दगावली. २०१२ साली ज्यूरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. ही बातमी आली तेव्हा आम्ही हेडफोन काढून बसलो होतो. आमच्या कंपनीचा त्यात संबंध नव्हता. पण तो आकडा कसा ऐकला गेला असेल ते आम्हाला प्रत्येकीला कळत होतं. ‘एट’ आणि ‘एटी’ यांत एका श्वासाचं अंतर आहे. तिथे रेघ ओढली असती तर डॉक्टर फार तर वैतागला असता.

डॉक्टरला आमचा पत्ता माहीत नसे, आणि तो माहीत नसण्यात धंद्याची सोय होती. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या इस्पितळाला कराचीतल्या एका बाईचं पत्र आलं: माझे टायपिंगचे थकलेले पैसे द्या, नाहीतर रुग्णांचे कागद इंटरनेटवर टाकते. इस्पितळाला आपलं काम कराचीला जातं हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी दिलं होतं शेजारच्या गावात. तिथून ते फ्लोरिडाला, तिथून टेक्सासला आणि तिथून थेट कराचीला. प्रत्येक मुक्कामाला दलाली कापत कापत. धमकी वाईटच, पुढे तिने ती मागेही घेतली. पण तिची मजुरी थकली होती हा तपशील बातम्यांत खालच्या ओळीत असे, म्हणून मला तो वर आणावासा वाटतो.

मग २००९ साल उजाडलं. अमेरिका मंदीतून वर यायची धडपड करत होती, ओबामा नवे नवे अध्यक्ष होते आणि फेब्रुवारीत एक कायदा झाला. डॉक्टरांनी कागद सोडून संगणकावर नोंदी ठेवाव्यात, ठेवतील त्यांना सरकार पैसे देईल, न ठेवतील त्यांचे पुढे कापेल. २००८ साली तिथल्या दर दहा इस्पितळांत जेमतेम एकाकडे नीट इलेक्ट्रॉनिक नोंदी होत्या. २०१५पर्यंत दहातल्या आठांहून जास्त इस्पितळांकडे आल्या. अब्जावधी डॉलर पाण्यासारखे ओतले की एवढं होतंच.

आमच्याकडे त्याची खबर फाइलींच्या संख्येवरून लागली. आधी क्लिनिकांच्या छोट्या फाइली आटल्या. डॉक्टर आता बोलत नव्हता, खुणा करत होता. खोकला आहे, टिक. ताप नाही, टिक. मग बोलण्याच्या ज्या फाइली उरल्या त्याही आधी यंत्राकडून जाऊन येऊ लागल्या. आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर्स आधीपासून होती, ‘ड्रॅगन’ १९९७ साली आलं होतं, पण आता ती कामाला लागली. यंत्राने टाइप केलेला मसुदा यायचा आणि आम्ही ऐकत ऐकत तो सुधारायचा. आमचं पद ट्रान्सक्रिप्शनिस्टवरून ‘एडिटर’ झालं. पद चढलं, ओळीचा दर जवळजवळ निम्म्यावर उतरला. बढतीची ही पद्धत मी त्याआधी पाहिली नव्हती.

यंत्र मोठं आज्ञाधारक. गाडीतून बोलणाऱ्या डॉक्टरने खिडकीतून कॉफी मागवली, तर तीही त्याने उपचारांच्या रकान्यात नीट घातली: एक मोठी, दूध नको. डॉक्टर म्हणाला ‘ते खोडा’, तर ‘ते खोडा’ असं लिहिलं. हे विनोदी प्रकार सापडत, कारण ते विनोदी असत. भीती वाटायची ती सुबक चुकांची. ‘कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही’ मधला ‘नाही’ गिळला गेला की उरलेलं वाक्य व्याकरणात चोख, स्पेलिंगात चोख आणि अर्थात उलटं. माणसाची चूक अडखळते, दिसते. यंत्राची चूक भांग पाडून येते. स्वतः टाइप करण्यापेक्षा ते सुधारणं जास्त थकवणारं होतं, कारण डोळा सारखा फसायचा आणि कानाला सारखं पहाऱ्यावर बसवावं लागायचं. दर मात्र निम्मा, का तर ‘तुम्हाला फक्त बघायचं असतं’.

तिकडे डॉक्टरांचंही काही सुखाचं चाललं नव्हतं. २०१६ साली तिथे डॉक्टरांच्या मागे उभं राहून, घड्याळ लावून एक अभ्यास झाला. रुग्णासमोर एक तास गेला की संगणकावर आणि कागदपत्रांत जवळपास दोन तास जातात, असं निघालं. बारा वर्षं शिकून सर्जन झालेला माणूस संध्याकाळी जेवण झाल्यावर खुणा भरत बसलेला. आम्हाला ओळीला काही पैसे मिळत ते वाचवायला देशाने सगळ्यात महागडा टायपिस्ट नेमला होता. मला त्यांचा राग येत नसे, कीव येई. जांभया देणारे असोत की सँडविच खाणारे, शेवटी ‘थँक्यू’ म्हणणारे त्यांच्यात पुष्कळ होते. नाताळात ‘हे जो कोणी टाइप करत असेल त्याला शुभेच्छा’ असं रेकॉर्ड करून ठेवत. आम्ही हेडफोनमध्येच ‘सेम टु यू’ म्हणत असू. खुणांच्या रकान्यांत असं म्हणायला जागा नव्हती.

आणि दमलेला माणूस जे करतो ते डॉक्टर करू लागले. कालची नोंद उचलून आज डकवायची. अहवाल लांबच लांब झाले आणि त्यांतला रुग्ण हरवला. तपासणीला आलेल्या नोंदींत मी असे गृहस्थ पाहिले आहेत, ज्यांचा डावा पाय वरच्या परिच्छेदात कापलेला आहे आणि खालच्या परिच्छेदात दोन्ही पावलांच्या नाड्या उत्तम लागतायत. कोरी जागा एकही नाही. सगळं भरलेलं.

आमची पांगापांग झाली ती याच काळात. एकीने पोळी-भाजी केंद्र काढलं आणि ती सगळ्यांत आधी स्थिरावली. बीएचएमएस मित्र दवाखान्याकडे परतला. त्याला अमेरिकन रोगांची इतकी नावं पाठ झाली होती की वडगावातले पेशंट दबून राहू लागले. बऱ्याच जणी कोडिंगला गेल्या. हे संगणकवाल्यांचं कोडिंग नव्हे. रुग्णाच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरलेला क्रमांक द्यायचा, म्हणजे विमा कंपनी पैसे देते. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेने या क्रमांकांची नवी पद्धत घेतली आणि आजारांचे जुने सुमारे १४,००० कोड एका दिवसात ६८,०००च्या घरात गेले. ट्रान्सक्रिप्शनमधून आलेल्यांची तेव्हा चांदी झाली, कारण शरीराचा नकाशा त्यांच्या कानात आधीच बसला होता. परीक्षा अवघड, जाडजूड पुस्तकं समोर उघडून द्यायची. पस्तिशी-चाळिशीतल्या बायका मुलांच्या शेजारी बसून अभ्यास करत, आणि मुलंच त्यांना विचारत, “आई, किती पानं झाली?”

त्या पुस्तकात काय काय आहे म्हणता! बदकाची धडक लागली, त्याला कोड आहे. पाण्यावरून घसरायच्या फळ्यांना आग लागून भाजलं, त्याला आहे. जेट इंजिनात ओढला गेला, त्याला आहे, आणि त्यातही ‘नंतरची भेट’ असा वेगळा. याचा खरा अर्थ एवढाच की रुग्ण पुढच्या तपासणीसाठी आलाय. पण पहिल्यांदा वाचताना हा बाबा इंजिनाला दुसऱ्यांदा भेटायला गेला, असंच वाटतं. या सगळ्यांत आमच्या मंडळींनी एकमताने पसंत केलेला कोड म्हणजे झेड ६३.१: सासरच्या माणसांशी संबंधांत अडचणी. अमेरिकन सरकारने याला अधिकृत क्रमांक दिलाय म्हटल्यावर कित्येकींना आपलं म्हणणं कुणीतरी नोंदवून घेतल्याचं समाधान मिळालं. आमच्या गटात अजून कुणी नुसता ‘त्रेसष्ट पॉइंट वन’ असा मेसेज टाकला की बाकीच्या समजून जातात आणि संध्याकाळी फोन करतात.

मी गेले ते स्क्राइब होण्याकडे. डॉक्टर खुणा भरून कावले, तेव्हा तिकडच्या लोकांना पुन्हा एक लिहून घेणारं माणूस हवंसं झालं. तपासणीच्या खोलीत माणूस उभा करणं महाग, म्हणून तो दुरून ऐकणारा. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या ऑगमेडिक्स कंपनीने तर डॉक्टरच्या डोळ्यांवर गूगलचा चष्मा चढवला आणि त्या चष्म्यातून दूरदेशीचा स्क्राइब बघू-ऐकू लागला. पुढे चष्मा जाऊन साधा फोन आला. डॉक्टर रुग्णाशी बोलणार आणि आम्ही त्या क्षणी त्याच्या नोंदीत लिहीत जाणार. त्या क्षणी, म्हणजे आमच्या रात्री. तरुणपणी दिवसाची नोकरी आणि गुडघे बोलायला लागल्यावर रात्रपाळी, असा उलटा आश्रमधर्म वाट्याला आला. मार्चमध्ये अमेरिका घड्याळ पुढे करते म्हणून आम्ही एक तास आधी बसायचं, दिवाळीच्या आगेमागे ती ते मागे घेते म्हणून एक तास उशिरा. सासूबाई कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीच्या बाजूला तेही लिहून ठेवत. पहाटे मी अंथरुणाला पाठ टेकायची आणि दूधवाल्याने बेल वाजवायची, हे मात्र वर्षभर अढळ.

पण एक सांगते, त्या कामाइतका आनंद आधी कुठल्याच कामाने दिला नव्हता. कारण आता विचारता येत होतं! डॉक्टर ‘खांदा’ म्हणाला आणि कुठला ते म्हणाला नाही, तर त्याच्या पडद्यावर तिथल्या तिथे दोन शब्द टाकायचे: डावा की उजवा? तो रुग्णाकडे वळून विचारायचा आणि जागा खऱ्या उत्तराने भरली जायची. इतकी वर्षं ज्या रेघा आम्ही अंधारात पाठवत होतो, त्यांना पहिल्यांदा उत्तर यायला लागलं.

आणि रुग्ण ऐकू आला. आधी आम्ही फक्त डॉक्टरची बाजू ऐकायचो. त्यांच्या भाषेत सगळे रुग्ण सगळं नाकारत असत. छातीत दुखणं नाकारतो, दारू नाकारतो. आता मूळ नाकारणं कानावर पडू लागलं. डॉक्टर विचारतो, रोज किती घेता? नवरा सांगतो, दोन. आणि खुर्ची सरकल्याचा आवाज होऊन बायको घसा खाकरते. डॉक्टर क्षणभर थांबतो आणि पुढचा प्रश्न नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारतो. सगळ्या खोलीला कळलेलं असतं, पुण्यात मलाही कळलेलं असतं. पण बायकोच्या घसा खाकरण्याला रकाना नाही. सासरच्या अडचणींना कोड आहे, याला नाही. मी ‘दोन’ लिहीत असे आणि पुढे ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ जोडत असे. एवढीच माझी लेखनसेवा.

आता तेही यंत्राकडे चाललंय. खोलीत फोन ठेवायचा, दोघांचं बोलणं तो ऐकतो आणि डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत नोंद तयार असते. भाषा सफाईदार. मी आता या नोंदी तपासते. चार तासांचं काम, दिवसाउजेडी, तब्येतीला बरं. यंत्राची निंदा करायला मी बसलेली नाही. डॉक्टर पुन्हा रुग्णाच्या तोंडाकडे बघून बोलायला लागलेत, हे मला रेकॉर्डिंगात ऐकू येतं. वर्षानुवर्षं मध्ये ऐकू येणारी की-बोर्डची टकटक गेली.

एक खोड मात्र आहे. २०२४ साली अमेरिकन संशोधकांनी ‘व्हिस्पर’ या नावाजलेल्या आवाज-ओळखीच्या यंत्राची परीक्षा घेतली. शंभरातल्या साधारण एका तुकड्यात त्याने कुणी न बोललेली वाक्यं घातली होती. आणि हे जास्त कुठे झालं? जिथे बोलणारा बराच वेळ थांबत होता तिथे. पक्षाघाताने वाचा गेलेली माणसं शब्द शोधत थांबतात. ती शांतता यंत्राला सोसवली नाही, आणि त्याने ती स्वतःच्या मनाने भरली. आपल्याच शाळेत शिकलेलं दिसतंय. काहीतरी खरडायचं, मार्क काय कापून घेतात का!

मला हे यंत्र शंभरदा अडखळलं तरी चालेल. पण त्याला रेघ ओढता येत नसेल तर ते नोकरीला घेण्याच्या लायकीचं नाही. आमच्या सोलापूरच्या मॅडमनी त्याला पहिल्या आठवड्यात नारळ दिला असता.

हे सगळं अमेरिकेत चाललंय, आपल्याला काय त्याचं, असं समजू नका. गेल्या वर्षी आमचे काका इथल्याच एका इस्पितळातून घरी आले. वय ७८. संगणकावर छापलेला, दोन पानी, देखणा डिस्चार्जचा कागद. मी सवयीने वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर होतं: मासिक पाळी नियमित. काका म्हणाले, “चला, एक तरी गोष्ट नॉर्मल निघाली.” मी जाऊन विचारलं, तर दोन रात्री न झोपलेली डॉक्टर मुलगी ओशाळून म्हणाली, “मॅडम, टेम्प्लेटमधून आलं.” तिच्यावर काय रागावणार? तिला कुणी स्क्राइब दिलेला नाही, एडिटर नाही, क्यूए मॅडम तर नाहीतच. पाळी हसण्यावारी गेली. तशीच गोळी आली असती तर काकांनी ती मुकाट घेतली असती. ते कागदावरचं सगळं घेतात.

शिवाय आता २०२१पासून आपल्याकडेही चौदा आकडी आभा क्रमांक आलाय. एका इस्पितळाची नोंद दुसऱ्याला दिसावी अशी ती योजना, आणि चांगली योजना आहे. पण पूर्वी चूक एका फाइलीत पडून राही, फाइल कपाटात, आणि कपाटाला वाळवी लागे. यापुढे चूक तुमच्याबरोबर गावोगाव हिंडणार.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. घरच्या कुणाला इस्पितळातून सोडतील तेव्हा गाडी बोलावण्याआधी तो कागद तिथेच वाचा. सगळा कळणार नाही, कळायची गरजही नाही. डावं-उजवं बघा. औषधाच्या मात्रेचा आकडा बघा आणि डॉक्टर तोंडी जे बोलले त्याच्याशी जुळवा. ॲलर्जीच्या वाक्यात ‘नाही’ जागेवर आहे का ते बघा. एखादी जागा कोरी दिसली तर वैतागू नका, कुणीतरी प्रामाणिकपणे न कळल्याचं सांगितलंय. ती डॉक्टरकडूनच भरून घ्या, काउंटरवरच्या मुलाकडून नको. आणि डॉक्टर ‘नंतर भरतो’ म्हणाले, तर तिथल्या खुर्चीवर बसून राहा.